पाहुण्याला पासवर्ड लागत नाही

२२ सप्टेंबर १९९७, सोमवार

आज पुन्हा नोकरीला लागले! जूनमध्ये टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले तेव्हा शाल-नारळ देऊन सगळ्यांनी बजावलं, रतनताई, आता आराम करा. आराम करून करून कंबर धरली. कळव्याच्या दोन खोल्यांत मी आणि आमचे दामाजी. गुडघ्यांनी दगा दिला तशी त्यांची होडी सुटली, आणि तेव्हापासून आम्ही दोघं दिवसभर एकमेकांच्या पायात पायात. शेवटी पेपरातली जाहिरात बघून अर्ज टाकला, आणि चक्क बोलावणं आलं.

शेजारची रंगूबाई गालाला हात लावून म्हणाली, पितृपक्षात कुणी नवीन काम धरतं का गो? मी म्हटलं, माझे पितर तिथी बघायचे ती भरती-ओहोटीसाठी, त्यांची काही हरकत नाही. दामाजींनी डबा हातात दिला आणि म्हणाले, ह्या वयात तुला कोण ठेवून घेतंय ते डोळ्यांनी बघून ये, मला पण अर्ज टाकायचाय.

कारखाना डोंबिवली एमआयडीसीत, अगदी टोकाला. रंगाच्या कंपन्यांना लागणारा कच्चा माल इथे बनतो. वास आहे खरा, पण सुकत्या बोंबलांत वाढलेल्या बाईला वासाचं काय सांगता! मालक उत्तमशेठ, बोलायला गोड, हिशेबाला पक्के. केमिस्ट सहदेव, कमी बोलणारा, कानामागे पेन. चहापाणी आणि झाडलोट जनाबाईकडे. आणि रिअॅक्टरवर गुणाजी. तो मूळचा गुहागरकडचा, आता कल्याणला पत्रीपुलाशी राहतो. घरी बायको आणि दोन लेकी. पहिल्याच भेटीत मला मावशी करून मोकळा झाला.

त्या रिअॅक्टरला मी हंडाच म्हणणार. माणूस आत उभा राहील एवढा स्टीलचा हंडा, वर झाकण, भोवती गार पाण्याचं जॅकेट. सहदेवने समजावलं की आतला माल एकदा कामाला लागला की आपला आपणच तापत जातो. भोवतीचं गार पाणी त्याला आवरतं. पाणी थांबलं तर हंडा फुटणार, आणि हंड्याशेजारच्या मचाणावर असतो गुणाजी.

तर पाणी थांबू द्यायचं नाही, एवढीच माझी नोकरी. तीसुद्धा काचेच्या केबिनमध्ये पंख्याखाली बसून, कॉम्प्युटरवर. पडद्यावर हंड्याचं रंगीत चित्र दिसतं, बाजूला आतली उष्णता. माऊस दाबला की व्हॉल्व्ह उघडतो, पुन्हा दाबला की मिटतो. पूर्वी गुणाजी मचाणावरून लोखंडी चाक फिरवून पाणी सोडायचा. शेठनी ते चाक काढून मोटर बसवली आणि चाक गेलं भंगारात. गुणाजीची तक्रार एकच, हात रिकामे पडल्यापासून तंबाखू वाढली.

दिवस छान गेला. घरी आल्यावर दामाजींना सांगितलं, ठेवून घेतलं हो मला.

२४ सप्टेंबर, बुधवार

कॉम्प्युटर मी कुणाच्या क्लासला जाऊन शिकले नाही. खात्यात नवीन एक्स्चेंज आलं तेव्हा त्याच्यासोबतची जाडी पुस्तकं कुणी उघडेना. मी ती डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचली, जेवणाच्या सुट्टीत, सुपारी कातरता कातरता. इथलंही पुस्तक तसंच वाचायला घेतलंय.

ह्या कॉम्प्युटरवर 'सुगम' नावाची प्रणाली आहे. प्रणाली म्हणजे मशीनचा कारभारी. कुणाला आत घ्यायचं, कुणी कशाला हात लावायचा, हे तो ठरवतो. सुगम बाजारात येऊन महिनाही झालेला नाही. शेठना कोण कौतुक! खोक्यावरचं प्लास्टिकसुद्धा जपून ठेवलंय.

सकाळी पडदा विचारतो, कोण? नावं तीन आहेत. मालक, ऑपरेटर आणि पाहुणा. मालकाला आणि ऑपरेटरला पासवर्ड द्यावा लागतो. पाहुण्याला नाही. नुसतं 'पाहुणा' म्हटलं की आत. मी शेठना विचारलं, हे काय? ते म्हणाले, ताई, बँकेचे लोक येतात, गिऱ्हाईक येतं, जरा बघू दे की त्यांना आपली प्रगती. पाहुणा नुसता बघतो, हात लावू शकत नाही. मी म्हटलं, आमच्याकडेही पाहुणे ओटीवर बसतात, चुलीपर्यंत जात नाहीत. शेठ हसले.

टेलिफोनची एक तार मशीनला जोडलेली आहे. पुण्याहून मधु नावाचे इंजिनियर त्या तारेवरून आत येऊन मशीनची तब्येत बघतात. माणूस भला वाटला. फोनवर त्यांना दहा प्रश्न विचारले तरी आवाज चढला नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार

आज गंमत झाली. दुपारी पडद्यावर मध्येच एक छोटी चौकट उमटली. अक्षरं इंग्रजी, पण भाषा आपली. नवीन आहात का?

मी लिहिलं, हो, आठवडा झाला. तुम्ही मधु का?

उत्तर आलं, जेवण झालं का?

मला आमचे ट्रंक कॉलचे दिवस आठवले. तेव्हा आम्ही ऑपरेटर बायका नागपूर, इंदूर, कुठकुठच्या एक्स्चेंजमधल्या बायकांशी बोलायचो. तोंड कधी पाहिलं नाही, पण कुणाची सासू खाष्ट आणि कुणाला कितवा लागलाय, सगळं ठाऊक. लाइन मोकळी असली की विचारायचं, जेवलीस का ग? त्याच सवयीने मी लिहिलं, जेवले, आज वालाचं बिरडं होतं. तुमचं?

 मग आलं, इथे जेवण नसतं.

मधुंची मेस बंद असेल. बिचारे.

६ ऑक्टोबर, सोमवार

मधुंचा फोन आला तेव्हा मी सहज म्हटलं, मेस सुरू झाली का? ते गोंधळले. ते घरी जेवतात. आणि पडद्यावर त्यांनी कधी काही लिहिलेलं नाही. लिहायची सोयच सुगममध्ये नाही, म्हणाले.

मग कोण? शेठ नाहीत, सहदेव नाही. सहदेव म्हणाला, बघूया तर खरं, बाहेरचा माणूस कुठवर येऊ शकतो. आम्ही दोघं मशीनसमोर बसलो. नावाच्या चौकटीत कोपऱ्यात 'मदत' असं बटण आहे. ते दाबलं की मदतीचं पान उघडतं, त्या पानात 'आणखी दाखवा', आणि ते दाबलं की मशीनचं सगळं घर समोर. पासवर्ड नाही, काही नाही. पाहुण्याने दारावरची घंटा वाजवावी आणि दारच निखळून पडावं, तसं. तिथून व्हॉल्व्हसुद्धा फिरवता येतो. सहदेवने फिरवून दाखवला आणि पुसायला रुमाल काढला, इतका घाम आला होता त्याला.

सहदेवने प्रणालीवाल्या कंपनीला कळवलं. शेठना सांगितलं तर ते म्हणाले, अरे, आपल्या हंड्यात काय सोनं शिजतंय? कोण मरायला येणार आहे इकडे? मी म्हटलं, कोण येणार ते नाही माहीत, येऊन गेलेला आहे एवढं माहीत आहे.

संध्याकाळी निघताना मी चौकटीत लिहिलं, कोण आहेस?

पाहुणा.

कुठला?

बाहेरचा.

मी लिहिलं, मग बाहेरच राहा, बाबा. घरी येऊन दामाजींना सांगितलं तर म्हणाले, गोड बोलून तुझ्याकडून बिरड्याची पाककृती काढायचा बेत असेल त्याचा.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज गुणाजी वाचला.

जेवणं झाली होती. हंड्यात माल होता. पडद्यावर उष्णता साठच्या आसपास, व्हॉल्व्ह उघडा, सगळं हिरवं. मी डोळा काढला नव्हता. तेवढ्यात गुणाजी मचाणावरून काचेवर मुठी मारायला लागला. ओरडत होता, मावशी, पाणी! हंडा पेटलाय, पाणी कुठाय? मी पडद्याकडे बोट दाखवलं, अरे चालू आहे. त्याने हंड्यावरच्या जुन्या काट्याकडे बोट दाखवलं. काटा लाल पट्ट्यात होता.

पडदा खोटं बोलत होता. व्हॉल्व्ह बंद होता, आणि मला मात्र हिरवं हिरवं दाखवत होता.

सहदेव धावत आला, मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. तेवढा वेळ गुणाजी पळाला नाही. आगीचा पाइप ओढून हंड्यावर पाणी मारत उभा राहिला. व्हॉल्व्ह उघडला, काटा हळूहळू खाली आला. जनाबाईने सगळ्यांना चहा दिला, तो सगळ्यांनी काट्याकडे बघत उभ्यानेच घेतला. गुणाजीच तेवढा म्हणाला, मावशी, चाक होतं तेव्हा बरं होतं, चाक काय खोटं बोलत नव्हतं.

मशीनने नोंद दाखवली. त्या वेळी आत दोघं होते. ऑपरेटर आणि पाहुणा.

मला घाबरवायला आला असेल तर त्याने बाई चुकीची निवडली. मी रागावले आहे.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

मधु स्वतः पुण्याहून आले. हात जोडून म्हणाले, ताई, चूक आमचीच, आम्हीच ही प्रणाली गळ्यात मारली. दिवसभर बसून त्यांनी पाहुणा हे नाव काढून टाकलं, पासवर्ड बदलले, टेलिफोनची तार उपटून खिळ्याला टांगली. 'मदत'चं भोक मात्र त्यांना बुजवता येत नाही. ते प्रणालीवाली कंपनी पुढच्या आवृत्तीत बुजवणार, मार्चमध्ये.

त्यांनी आणखी एक भोक दाखवलं. सुगममध्ये कामाची खुर्ची एकच. ऑपरेटर बसलेला असेल आणि त्याची बोटं चालू असतील, तोवर दुसऱ्या कुणाला व्हॉल्व्ह हलवता येऊ नये. पण बोटं थोडा वेळ थांबली की सुगम समजतं, हा उठला. मग जो कोणी आत असेल त्याला खुर्ची देऊन टाकतं. परवा मी नुसती बघत बसले होते, बोटं मांडीवर. म्हणून त्याला खुर्ची मिळाली.

आणि मशीन बंद केलं तर व्हॉल्व्ह आपोआप मिटतो. म्हणजे हंड्यात माल असताना बंद करायचीही सोय नाही. सहदेवने शेठना स्पष्ट सांगितलं, चाक परत बसवा, नाहीतर मी हंडा भरणार नाही. शेठनी लगेच ऐकलं. नवं चाक ठाण्यात खोपटला एका फिटरकडे करायला टाकलंय. दिवाळीनंतर मिळेल.

तोवर मी बोटं थांबवत नाही. दिवसभर टकटक टकटक. जनाबाई म्हणते, ताई, तुम्ही मशीनला दळण घातलंय.

तार काढल्यापासून चौकट नाही, काही नाही. गेला बहुतेक. गेलास तर जा. दिवा घेऊन शोधायला येणार नाही मी.

३० ऑक्टोबर, गुरुवार. लक्ष्मीपूजन

हे मन लावून लिहायला हवं.

संध्याकाळी पूजा. हंडा धुऊनपुसून रिकामा, झेंडूच्या माळा. शेठच्या आई शांताबाई ठाण्याहून आल्या होत्या. ऐंशीच्या घरातल्या, हसऱ्या, सगळ्यांच्या हातावर स्वतः करंजी ठेवणाऱ्या. त्यांच्या घरची रीत अशी की लक्ष्मीपूजनाला काहीही कुलूपबंद ठेवायचं नाही. तिजोरी उघडी, कपाटं उघडी, गोदाम उघडं, फाटक सताड. लक्ष्मी आली आणि दार लावलेलं दिसलं तर माघारी जाते. रीत आमच्याकडेही आहे, मी स्वतः दरवर्षी दार मिटू नये म्हणून पाट लावून ठेवते.

त्या केबिनमध्ये आल्या. उंबऱ्यापासून टेबलाच्या पायापर्यंत रांगोळीची पावलं काढली. मग मशीनला हळदकुंकू वाहिलं आणि कौतुकाने विचारलं, ह्याला कुलूप असतं का हो?

शेठ म्हणाले, असतं आई, पासवर्ड म्हणतात त्याला.

मग ते काढ. आजच्या दिवशी कुणालाही अडवायचं नाही.

मी म्हटलं, आजी, हे कुलूप राहू द्या, ह्या दाराने लक्ष्मी येत नाही. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. म्हणाल्या, अगं, कोण कुठल्या दाराने येईल हे आपण कोण ठरवणार? शेठ माझ्याकडे बघून मान हलवत होते, राहू द्या ताई, म्हातारीचं मन. आणि खरं सांगायचं तर हंडा रिकामा होता, तार खिळ्याला होती. मी बाजूला सरले. शेठनी दोन्ही पासवर्ड पुसले. शांताबाईंनी पडद्यासमोर हात जोडले आणि मोठ्याने म्हणाल्या, या, घर तुमचंच आहे.

फटाके वाजायला लागले. सगळे बाहेर गेले. मी पणती सारखी करायला मागे राहिले.

पडद्यावर चौकट उमटली.

आलो.

मी खिळ्याकडे बघितलं. तार तिथेच होती, टोक लोंबत.

३ नोव्हेंबर, सोमवार

सुट्टी संपली. शेठना सांगितलं. म्हणाले, पूर्वीची चौकट राहिली असेल कुठेतरी, ताई. सहदेवने मात्र ऐकून घेतलं. पासवर्ड पुन्हा घातले. नावं तपासली, पाहुणा नाही. दिवसभर हंड्यात नुसतं पाणी भरून चालवून बघितलं. काटा आणि पडदा बरोबर जुळले. उद्या माल भरायचा ठरलं. माल अडलाय, गिऱ्हाईक दारात बसलंय, चाक परवा येणार. सहदेव म्हणाला, एक दिवस थांबू. शेठ म्हणाले, आज दिवसभर बघितलंस ना? खरंच, बघितलं होतं.

जनाबाईने रांगोळी पुसली. पुसता पुसता मला हाक मारली. ताई, आजींनी पावलं टेबलापर्यंत काढलेली ना?

हो.

मग पुढची कुणी काढली?

टेबलाखालून माझ्या खुर्चीपर्यंत आणखी पावलं होती. रांगोळीची नव्हेत. फरशीच त्या आकाराची पांढरी पडली होती. जनाबाईने घासली. निघाली नाहीत.

घरी दामाजींनी विचारलं, जेवत का नाहीस गो? उद्या जाऊ नको. मी म्हटलं, मी नाही गेले तर त्या खुर्चीत कोण बसेल ते मला माहीत आहे. आणि गुणाजी मचाणावर असेल.

४ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळ

माल भरून झाला. तापायला लागला. गुणाजी वर. मी खुर्चीत. आणि आता ही चौकट.

आता कुलूप का लावता? बोलावलंत ना.

नावांच्या यादीत पाहुणा परत आलाय. काढला. परत आला. काढला. परत.

सहदेव शेजारी उभा आहे, त्यालाही दिसतंय. बरं झालं, माझंच डोकं फिरलं नाही म्हणायचं.

थोड्या वेळाने

ठरलं ते असं. हंडा रिकामा करायचा. माल मागच्या पाण्याच्या टाकीत सोडायचा. तो सोडायचा दांडा मचाणावर आहे, स्प्रिंगचा. सोडला की मिटतो. तारेने बांधून बघितला, तार तुटली. गुणाजीने धरून ठेवायचा. रिकामा व्हायला दुपार होईल.

तोवर पाणी चालू राहायला हवं. म्हणजे माझी बोटं. बटणावर वजन ठेवून बघितलं. सुगमला ते चालत नाही, वेगवेगळी बटणं दाबावी लागतात.

सहदेव म्हणाला, ताई, मी बसतो, तुम्ही जा. मी म्हटलं, कारखान्यामागच्या चाळीत लहान मुलं आहेत. माझ्या गुडघ्यांनी मी किती दारं ठोठावणार? तू पळ. शेठ शेजारच्या कारखान्यातून बंबाला फोन करायला गेलेत. जनाबाईला हाताला धरून बाहेर नेलं.

आता मी आणि काचेपलीकडे गुणाजी. त्याने हात वर केला. मी पण.

डावा हात बटणांवर, उजव्या हाताने हे लिहिते. लिहिलं की लक्ष जाग्यावर राहतं.

मघापासून

चौकटीत तो बोलतोय. मी उत्तर देते ते इथे, वहीत.

दमलात, रतनताई.

मी माझं नाव कधी सांगितलं नव्हतं.

उठा. मी बसतो.

बसशील, बसशील. चाळीसएक वर्षं खुर्चीत बसून काढलीत मी. माझं बूड तुझ्यापेक्षा जड आहे.

—

टेबलावरचा फोन वाजतोय. त्याचीच तार खिळ्याला आहे. वाजू दे.

चौकटीत आलं, दामाजी पडलेत. घरी. दारात.

हात थांबला. क्षणभरच. पडद्यावर माझं 'ऑपरेटर' फिकट झालं, खाली पाहुणा ठळक. लगेच बटणं. नाव परत आलं.

खोटारड्या. पडले असतील तर रंगूबाई उचलेल. चाळ आहे आमची. आमच्याकडे पडलेला माणूस एकटा नसतो. तुला काय कळणार ते.

दुपार

काटा खाली येतोय. हंडा निम्मा झाला असावा. गुणाजीचे दोन्ही हात दांड्यावर. शर्ट ओलाचिंब. माझ्याकडे बघतो, मी मान हलवते. चल रे बाबा. लेकी वाट बघतायत.

डाव्या हाताची करंगळी गेली. बधिर. चार आहेत अजून.

खुर्ची गार पडलीये. मागून. कुणीतरी ओलं कापड लावून उभं असावं तशी. मागे बघणार नाही. काचेत दिसतंय थोडं — बघणार नाही.

—

तू कोण आहेस, विचारलं. एकदाच.

बोलावलेला.

बोलावलं म्हातारीने, भोळेपणाने. घर तुझं म्हणाली. ते म्हणायचं असतं. घर ज्याचं तो घर धरून ठेवतो. मी धरलंय.

—

पडद्यावर, हंडा रिकामा. मोठ्या हिरव्या अक्षरांत. व्हॉल्व्ह बंद केला तरी चालेल.

झालं?

गुणाजी केबिनच्या दारात आला. तंबाखूचा वास. म्हणाला, मावशी, झालं काम. उठा आता, सगळे फाटकात थांबलेत.

देवा. सुटलो. उठते. आधी मशीनचा हा प्लग

—

नाही.

काचेतून दिसतोय. गुणाजी. मचाणावर. दांडा धरून. माझ्याकडे बघतोय. काटा अजून —

मग दारातला

हात ठेवला. परत ठेवला. नाव अर्धंच उरलं होतं. ऑप. आता पूर्ण. आहे.

तो दारातून गेलेला नाही. उठा मावशी, म्हणतोय. सारखा. गुणाजीच्याच आवाजात. आता जवळून. मी काचेकडेच बघते. खरा तिथे आहे. जोवर तो दिसतोय तोवर

तीन बोटं.

खांद्यावर हात. गार. उठवतोय. जोर लाव, लाव अजून. कोळ्याची पोर आहे, भरतीत वल्हं सोडलं नाही कधी. उठत नाही मी, ऐकलंस? तो खाली येईपर्यंत नाही. काटा उतरतोय. धर रे गुणाजी, धर, थोडंच राहिलंय, मी बसलेय, मी इथेच बस